चार इंचांचा कायदा

कायदा माणसाची जात पाहत नाही, तो फक्त वस्तू आणि कृती पाहतो, असे आपल्याला नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकविले जाते. ज्यांनी गावकुसाबाहेर दिवस काढले आहेत त्यांना या वाक्याचा अनुभव वेगळा आहे. परंतु अनुभव सांगणे निराळे आणि कायदा नेमका कोणत्या खुबीने माणसे निवडतो हे उलगडून दाखविणे निराळे. हे दुसरे काम मला येथे करावयाचे आहे, आणि त्यासाठी मी एक अगदी लहान वस्तू निवडली आहे. ती म्हणजे तळहातात मावणारे पिस्तूल.

अशा नियतकालिकात पिस्तुलांची तुलना कशाला, असे कोणी विचारील. विचारावेच. १९७२ साली मुंबईत जी दलित पँथर उभी राहिली तिने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या पँथरवरून घेतले, हे आमच्या अभ्यासवर्गातले प्रत्येक पोर सांगते. काळ्यांचे लिंचिंग, त्यांचे तुरुंग, त्यांची भाषणे याबद्दलही थोडेफार वाचलेले असते. पण त्या देशात काळ्यांच्या हातातले शस्त्र काढून घेण्यासाठी कायद्याने इंच, औंस आणि वितळबिंदू यांचा कसा उपयोग केला, हे फारसे कोणी वाचलेले नसते. मी शस्त्रांचा भोक्ता नाही. हातात पिस्तूल आले की माणूस मुक्त होतो, असे मानणाऱ्यांपैकीही नाही. मला त्या मोजपट्टीत रस आहे.

आधी थोडा इतिहास. टेनेसी राज्याच्या १८३४ च्या राज्यघटनेने शस्त्र बाळगण्याचा हक्क ‘स्वतंत्र गोऱ्या पुरुषां’पुरता ठेवला होता. यात लपवाछपवी नव्हती. यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने कायदा केला की मुक्त झालेल्या काळ्या माणसाने स्थानिक मंडळाच्या परवान्यावाचून कोणतेही बंदूक-पिस्तूल किंवा दारूगोळा बाळगू नये. यातही रंगाचे नाव स्वच्छ घेतलेले आहे. पुढे १८६८ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती आली आणि कायद्यापुढे समान संरक्षणाचे तत्त्व लिहिले गेले. आता कायद्यात रंगाचे नाव घेणे अवघड झाले. आपल्याकडे १९५० नंतर काय झाले ते आठवावे. नाव जाते, काम राहते. मग कामासाठी दुसरे शब्द शोधावे लागतात.

टेनेसीला तो शब्द सापडला. १८७९ च्या तिथल्या कायद्याने कमरपट्ट्याला लावायची किंवा खिशात ठेवायची पिस्तुले विकण्यास मनाई केली. फक्त लष्करी वा नाविक नमुन्याची पिस्तुले वगळली. १८८१ मध्ये आर्कान्सा राज्याने तसाच कायदा केला. या कायद्यांत रंगाचा उच्चार नाही. मोठे पिस्तूल चालेल, लहान चालणार नाही, एवढेच.

आता या दोन प्रकारांची तुलना करू. कोल्टचे १८५१ सालचे नाविक नमुन्याचे रिव्हॉल्व्हर घ्या. साडेसात इंचांची नळी, एकूण लांबी सुमारे १३ इंच, वजन सव्वा किलोच्या आसपास. १८६० चे लष्करी नमुन्याचे त्याहून लांब, आठ इंच नळीचे. १८७३ मध्ये लष्करासाठी निघालेले कोल्ट बाजारात सुमारे १७ डॉलरला मिळे. उलट बाजूला रेमिंग्टनचे दुनळी डेरिंजर घ्या. ते १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत होते. तीन इंचांची नळी, एकूण लांबी पाच इंचांच्या आत, वजन ११ औंस म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. याहूनही हलकी, ओबडधोबड, लहान रिव्हॉल्व्हरे त्या काळी अनेक कारखाने काढीत आणि ती मोठ्या कोल्टच्या तुलनेत फार स्वस्त असत. नेम धरून पन्नास पावलांवर मारायचे तर डेरिंजर कुचकामी. पण हातभर अंतरावर आलेल्या माणसाला थोपवायला ते पुरे. अब्राहम लिंकनचा १८६५ मध्ये खून झाला तो अशाच एका खिशातल्या पिस्तुलाने, हेही खरे.

लष्करी नमुन्याचे रिव्हॉल्व्हर कोणाच्या घरात होते? युद्धातून परतलेल्या गोऱ्यांच्या. दक्षिणेच्या सैन्याने १८६५ मध्ये शरणागती पत्करली तेव्हा अधिकाऱ्यांना कमरेची शस्त्रे बरोबर नेण्याची मुभा शरणागतीच्या अटींतच दिलेली होती. म्हणजे ज्यांना या कायद्याचा त्रास व्हायचा नव्हता त्यांच्याकडे माल आधीच होता. आणि वाट्याने शेत कसणारा, दुकानदाराच्या खातेवहीत वर्षानुवर्षे अडकलेला काळा कूळ १७ डॉलर कोठून आणणार? त्याच्या आवाक्यातले पिस्तूल तेवढे बेकायदा झाले. गुप्तपणे वागविल्या जाणाऱ्या पिस्तुलांमुळे खून वाढले होते म्हणून असे कायदे झाले, असेही काही इतिहासकार सांगतात. तो हेतू अजिबात नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु कायद्याचा हेतू आमदाराच्या मनात राहतो, परिणाम माणसाच्या घरात उतरतो. आणि परिणाम कोणत्या घरात उतरला हे स्पष्ट आहे.

याचा कळस दक्षिण कॅरोलिनात झाला. तेथे १९०२ पासून २० इंचांहून आखूड आणि ३ पौंडांहून हलके पिस्तूल विकण्यास व बाळगण्यास बंदी आली. २० इंच म्हणजे अर्धा मीटर! वीत-दीड वितीची वस्तू, आणि कायद्याला ती हातभर लांब हवी. शेरीफ आणि त्यांचे हाताखालचे लोक यांना मात्र सूट. १९०२ सालच्या दक्षिण कॅरोलिनात शेरीफ कोणाला हाताखाली नेमत असे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे गावचा पोलीस पाटील कोणत्या आळीतला असे, तेवढेच हे उघड आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या कायद्यांनी लांब बंदूक काढून घेतली नव्हती. टेनेसीतल्याच मेम्फिस शहरात १८९२ मध्ये किराणा दुकान चालविणाऱ्या तीन काळ्या माणसांना तुरुंगातून ओढून नेऊन मारले. त्यांतले एक, टॉमस मॉस, हे आयडा वेल्स या पत्रकार बाईंचे स्नेही होते. वेल्सबाईंनी त्यानंतर पहिल्यांदा काय केले असेल तर एक पिस्तूल विकत घेतले. लिंचिंगविरुद्धच्या आपल्या पुस्तिकेत त्यांनी असे मांडले की काळ्यांच्या प्रत्येक घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी, कारण कायदा त्यांना संरक्षण देत नाही. रायफल घरात ठेवता येत होती. पण वेल्सबाई स्वतः वर्तमानपत्र चालवीत, गावोगाव हिंडत, आगगाडीने प्रवास करीत. रायफल खांद्यावर टाकून आगगाडीत बसता येत नाही. मोलकरणीला ती मालकिणीच्या घरी नेता येत नाही, मजुराला शेताच्या बांधावर नेता येत नाही. लहान पिस्तूल हे एकट्याने बाहेर पडणाऱ्याचे, आणि विशेषतः एकट्याने बाहेर पडणाऱ्या बाईचे शस्त्र आहे. म्हणून पिस्तुलाच्या आकाराचा प्रश्न हा घरापासून दूर, दुसऱ्याच्या आळीत, दुसऱ्याच्या कामावर असणाऱ्या माणसाचा प्रश्न ठरतो.

विसाव्या शतकात मोजपट्टीबरोबर आणखी एक साधन आले, ते म्हणजे ‘योग्य व्यक्ती’. माँटगोमेरीत बसबहिष्काराची चळवळ चालू असताना ३० जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यानंतर किंग यांनी पिस्तूल जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. ज्याच्या घरावर प्रत्यक्ष बाँब पडला त्याला संरक्षणाची गरज नाही, असे ठरविण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याला होता. त्या दिवसांत किंग यांच्या घरात शस्त्रे होती. पुढे त्यांनी ती दूर केली आणि अहिंसेचा मार्ग पूर्णपणे पत्करला. तो त्यांचा निर्णय होता आणि त्याचे मोल मोठे आहे. पण परवाना नाकारणाऱ्याला त्या निर्णयाचे श्रेय देता येणार नाही.

१९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेले शस्त्र उघडपणे बाळगता येत असे, आणि पँथरचे लोक बंदुका घेऊन पोलिसांच्या मागे गस्त घालीत. १९६७ मध्ये मलफोर्ड यांच्या विधेयकाने ते बंद झाले. राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. पुढच्या वर्षी केंद्राचा बंदूक नियंत्रण कायदा आला. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. या लेखाचा खरा विषय येथून सुरू होतो.

या कायद्याने परदेशातून येणाऱ्या पिस्तुलांवर अट घातली की ती खेळासाठी विशेष योग्य असली पाहिजेत. खेळासाठी योग्य म्हणजे काय, हे कायद्यात नाही. ते एका सरकारी फॉर्मात आहे. आपल्या देशात राज्यघटनेपेक्षा तहसीलातला फॉर्म मोठा असतो, तेथेही तसेच. या फॉर्मानुसार पिस्तुलाची उंची किमान ४ इंच, लांबी किमान ६ इंच, दोन्ही मिळून किमान १० इंच भरली पाहिजेत. रिव्हॉल्व्हरची नळी किमान ३ इंचांची हवी. एवढे जमले की गुण द्यायला सुरुवात. पिस्तुलाला ७५ गुण मिळाले तर ते देशात येणार, रिव्हॉल्व्हरला ४५ मिळाले तर. वजनाच्या प्रत्येक औंसाला एक गुण. सांगाडा घडीव पोलादाचा असेल तर १५, उच्च ताकदीच्या मिश्रधातूचा असेल तर २०. नेम जुळविता येणारी दृष्टीपट्टी असली की आणखी गुण. आणि नळीच्या बोराला: .२५ च्या बारक्या गोळीला शून्य, ९ मिलिमीटर व त्यावरील गोळीला १०.

हे पुन्हा वाचावे. जी गोळी माणसाला अधिक खात्रीने मारते तिला दहा गुण. जी कमी मारते तिला शून्य. मारकपणा हा निकष असता तर तक्ता उलटा लिहावा लागला असता. लपविणे सोपे म्हणून लहान पिस्तूल धोक्याचे, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण मग धातूच्या प्रतीला गुण कशासाठी? पोलादी पिस्तूल लपत नाही आणि जस्ताचे लपते, असे तर नाही.

आता प्रत्यक्ष पिस्तुले तपासू. बेल्जियमच्या एफ.एन. कारखान्याचे ‘बेबी ब्राउनिंग’ १९३० च्या दशकापासून निघत होते. बोर .२५, लांबी जेमतेम ४ इंच, वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, सगळे पोलादी, कारागिरी घड्याळासारखी. हे भिकार पिस्तूल नव्हते. १९६८ च्या मोजपट्टीने त्याचा अमेरिकेचा रस्ता बंद झाला. जर्मनीचे वॉल्थर पीपीके हे तर पडद्यावरच्या जेम्स बाँडचे पिस्तूल. त्याची लांबी ६.१ इंच, म्हणजे तेथे ते पास. उंची ३.९ इंच. एका दशांश इंचाने नापास! कारखान्याने काय केले? थोरल्या भावाचा, म्हणजे वॉल्थर पीपीचा, उंच सांगाडा घेतला, त्यावर पीपीकेचा वरचा आखूड भाग बसविला आणि पीपीके/एस नावाचे पिस्तूल काढले. उंची ४.१ इंच. वजन पन्नासेक ग्रॅमने वाढले, तेही गुणांच्या उपयोगी पडले. लांबी तीच, नळी तीच, गोळी तीच. पुढे मूळ पीपीकेही अमेरिकेत आले. पण बोटीने नाही. ते अलाबामात परवान्याने तयार होऊ लागले. अट आयातीला होती, तिथल्या उत्पादनाला नव्हती.

ज्याच्यापाशी कारखाना आणि वकील आहे त्याला कायदा म्हणजे एक नकाशा असतो. कोठून वळायचे ते त्यात दिसते. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाचे ग्लॉक अमेरिकेत शिरले ते नेम जुळविणारी दृष्टीपट्टी लावून, गुण मिळविण्यासाठी. जर्मनीच्या रोह्म कारखान्याची स्वस्त रिव्हॉल्व्हरे अख्खी आणता येत नव्हती. मग सुटे भाग आणून ती मायामीत जोडली जाऊ लागली. अशाच एका रोह्म रिव्हॉल्व्हरने ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. .२२ बोर, नळी दोन इंचांपेक्षा आखूड, किंमत पन्नास डॉलरच्या आत. सुट्या भागांची ती वाट १९८६ मध्ये बंद करण्यात आली.

परदेशी लहान पिस्तुले थांबली तेव्हा देशी लहान पिस्तुलांना मोकळे रान मिळाले. दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० पासून ‘रेव्हन’ नावाचे .२५ बोरचे पिस्तूल निघू लागले. लांबी पावणेपाच इंच, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला. बेबी ब्राउनिंगपेक्षा जाड, जड, ओबडधोबड आणि प्रतीने हलके. म्हणजे कायद्याने चांगले लहान पिस्तूल रोखले आणि वाईट लहान पिस्तुलाला बाजार दिला. त्याच घराण्यातून आणि त्याच परिसरातून पुढे आणखी कारखाने निघाले. डॉ. गॅरेन विंटेम्यूट या वैद्यकीय संशोधकाने १९९४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा लॉस एंजेलिसभोवतीच्या या कारखान्यांच्या साखळीला ‘अग्निवलय’ असे नाव दिले. गुन्ह्यांत सापडलेल्या व माग काढलेल्या पिस्तुलांत १९९० च्या दशकात या कारखान्यांचा माल फार वरच्या क्रमांकावर होता.

काही राज्यांनी मग वेगळी मोजपट्टी काढली: वितळबिंदू. इलिनॉय, दक्षिण कॅरोलिना, हवाई येथे ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४२७ अंश सेल्सिअसच्या आत ज्याचा सांगाडा वितळतो त्या पिस्तुलाला मनाई झाली. जस्ताचा मिश्रधातू त्याच्या आतच वितळतो. खून करण्यापूर्वी कोणी पिस्तूल भट्टीत घालून पाहत नाही. वितळबिंदूने मोजली जाते ती किंमत.

अमेरिकेत परदेशी मोजपट्टीला न जुमानणारी लहान पिस्तुले आजही राजरोस विकली जातात, फक्त ती तेथेच बनलेली असतात. नॉर्थ अमेरिकन आर्म्सचे .२२ शॉर्ट बोरचे रिव्हॉल्व्हर साडेतीन इंचांच्या आसपास लांब, वजन ४ औंस. काड्यापेट्यांचा जुडगा हातात घ्यावा तसे. सीकॅम्प नावाचे .३२ बोरचे पिस्तूल सव्वाचार इंच लांब, पूर्ण पोलादी, आणि एके काळी ते घेण्यासाठी रांग लावावी लागे. २००८ मध्ये आलेले रुगर एलसीपी ५.१६ इंच लांब, ३.६ इंच उंच, वजन ९.४ औंस म्हणजे २६६ ग्रॅम, आणि गोळी बेबी ब्राउनिंगच्या गोळीपेक्षा कितीतरी जोरकस. हे परदेशातून आले असते तर लांबीतही नापास झाले असते आणि उंचीतही. पण ते देशी आहे, आणि चांगल्या कंपनीचे आहे. अशा पिस्तुलाला कोणी ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ म्हणत नाही. ती शिवी गरिबाच्या खिशातल्या पिस्तुलासाठी राखून ठेवलेली आहे, जसा आपल्याकडे ‘गावठी कट्टा’ हा शब्द.

१९६८ च्या कायद्यामागे तीन खुनांचे दुःख होते असे सांगितले जाते. जॉन केनेडी टपालाने मागविलेल्या इटालियन रायफलीने मारले गेले. मार्टिन ल्यूथर किंग अमेरिकन रायफलीने मारले गेले. रॉबर्ट केनेडी लहान रिव्हॉल्व्हरने मारले गेले, पण ते अमेरिकेतल्याच आयव्हर जॉन्सन कारखान्याचे होते. टपालाने बंदूक मागविणे या कायद्याने थांबविले, हे बरे केले. परंतु पिस्तुलाच्या आकाराचे कलम या तिघांपैकी एकाच्याही मारेकऱ्याला आडवे आले नसते. रॉबर्ट शेरिल या पत्रकाराने १९७३ च्या आपल्या पुस्तकात हा कायदा बंदुकांना नव्हे तर काळ्यांना आवरण्यासाठी झाला असे म्हटले. हे विधान मला सरसकट वाटते. मारले गेलेले आणि भेदरलेले लोक सर्व रंगांचे होते. पण १९६५ पासून शहराशहरांत पेटलेल्या काळ्यांच्या वस्त्यांची भीती त्या सभागृहात नव्हती असे म्हणणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढणे होय.

येथे थांबून दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख बंदूकवाल्यांच्या जाहिरातीचा होईल. स्वस्त लहान पिस्तुलांनी सर्वांत अधिक कोण मेले? काळ्या वस्त्यांतली काळी पोरेच. म्हणून वॉशिंग्टन शहराच्या नगरपरिषदेने, जिच्यात काळ्यांचे बहुमत होते, १९७६ मध्ये पिस्तुलांची नवी नोंदणी बंद केली. एनएएसीपी या काळ्यांच्या जुन्या संघटनेने १९९९ मध्ये पिस्तूल कंपन्यांवरच दावा लावला. २००३ मध्ये तो फेटाळला गेला. उलट शिकागोची पिस्तूलबंदी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली ती ओटिस मॅक्डोनाल्ड या वृद्ध काळ्या गृहस्थाच्या दाव्यात. वस्तीतल्या गुंडांपासून घर राखण्यासाठी त्यांना पिस्तूल हवे होते. दोघेही त्याच समाजाचे, दोघांचेही दुःख खरे. जो गोरा माणूस आज काळ्यांच्या निःशस्त्रीकरणाचा इतिहास रडून सांगतो आणि त्याच तोंडाने बंदुका विकतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आणि जो काळ्या पोरांच्या मरणाचा हवाला देऊन फक्त गरिबाचेच पिस्तूल बंद करतो, त्याच्यावरही नाही.

आकाराची मोजपट्टी सर्वांना सारखी लावता येते, याचेही उदाहरण आहे. स्कॉटलंडमध्ये डनब्लेन येथे १९९६ मध्ये शाळेतली १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. ब्रिटनने १९९७ मध्ये ३० सेंटिमीटरहून आखूड नळीच्या किंवा एकूण ६० सेंटिमीटरहून आखूड बंदुकांवर बंदी घातली. तेथे धातूची प्रत, किंमत, खेळासाठी योग्यता यांचे गुणपत्रक नव्हते. लॉर्डाचेही पिस्तूल गेले. फक्त उत्तर आयर्लंडला तो कायदा लावला नाही, आणि तेथे जिवाला धोका असलेल्यांना पिस्तुलाचा परवाना मिळतो. माणूस धोक्यात आहे हे सरकारला पटले की मोजपट्टी बाजूला ठेवता येते, असा याचा अर्थ.

आता आपल्याकडे वळू. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त विचारले होते की या देशात खालच्या वर्गांनी उठाव का केला नाही, आणि त्याचे उत्तर दिले होते की चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्र आणि विद्या दोन्ही नाकारली. इंग्रजांच्या सैन्यात लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. हा आमच्या चळवळीचा पहिला अर्जांपैकी एक. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवाना लावला आणि युरोपियनाला सूट दिली. १९५९ च्या कायद्यात अशी सूट नाही. आपला कायदा लांबी मोजत नाही, बोर मोजतो. .३८, .४५५, ९ मिलिमीटर हे पोलिसांचे व लष्कराचे बोर सामान्य माणसाला बंद, त्याच्यासाठी.३२.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या बलात्कार प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोरचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन ५०० ग्रॅम, पर्समध्ये मावणारे, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६२ रुपये होती. म्हणजे सुमारे ७५५ दिवसांची मजुरी. हमी तेव्हा वर्षाला १०० दिवसांची होती. साडेसात वर्षे न खाता न पिता काम करणाऱ्या बाईने ते विकत घ्यावे! आणि शेतावर, वीटभट्टीवर, सरपणाला एकटी जाणारी बाई कोणत्या आळीतली असते? वेल्सबाईंच्या मेम्फिसपासून आपण फार लांब आलेलो नाही. टेनेसीच्या कायद्याला १८७९ मध्ये निदान ‘मोठेच घ्या’ असे लिहावे लागले. आपल्याकडे लिहावेही लागत नाही. किमतीची चिठ्ठी ते काम करते, आणि तिच्या आधी पोलीस ठाण्याचा अहवाल. किंग यांच्या अर्जावर ज्या प्रकारच्या माणसाने शेरा मारला त्याच प्रकारचा माणूस आपल्या अर्जावर शेरा मारतो.

तरी एक नियम आपल्या हाती आहे आणि कार्यकर्त्यांना तो पुष्कळदा माहीत नसतो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा; त्याखालचे नियम १९९५ चे. त्यांतला तिसरा नियम सांगतो की राज्य सरकारने अत्याचारप्रवण क्षेत्रे ठरवावीत. तेथे गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा बंदुका जप्त कराव्यात. आणि जीवित-वित्ताच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्यावेत. माझ्या माहितीतल्या शस्त्रकायद्यांमध्ये शोषिताचे नाव घेऊन त्याला परवाना देण्याची भाषा करणारा असा दुसरा नियम नाही. मिसिसिपीच्या १८६५ च्या कायद्याचे हे नेमके उलटे रूप आहे.

पण ‘गरज वाटल्यास’ हे शब्द दोनदा येतात. कोणाला वाटल्यास? १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारात लक्ष्मणपूर बाथे येथे जमीनदारांच्या रणवीर सेनेने ५८ दलितांना गोळ्या घालून मारले. हे नियम तेव्हा दोन वर्षांचे झाले होते.

या तीन तरतुदींत आमचे तरुण शेवटच्या, परवान्याच्या, तरतुदीकडे आधी धावतात. मला पहिली अधिक मोलाची वाटते. लाखाचे रिव्हॉल्व्हर आमच्या वस्तीत एखाद्याच घरात येईल, आणि ज्या घरात येईल ते बहुधा नोकरदाराचे असेल. पाटलाच्या घरातली बारा बोरची बंदूक शस्त्रागारात गेली तर तिचा उपयोग साऱ्या वस्तीला होतो, आणि त्याला पैसा लागत नाही. त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारावेत: आपल्या जिल्ह्यात अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावे ठरविली, त्या गावांत कोणत्या प्रकारचे किती शस्त्रपरवाने आहेत, आणि १९९५ पासून नियम ३ खाली त्यांपैकी किती रद्द झाले. अर्जाला दहा रुपये फी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. उत्तर ३० दिवसांत यावयास हवे, न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे करता येते.